पेत्रोनाचं उईपिल

“लपवलेलं सापडतं, हंसा,” आत्याबाई म्हणाल्या. “अंगावर घातलेलं कोण शोधतंय?”

स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती आम्ही तिघी उभ्या होतो. मी, माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, आणि पेत्रोना. टेबलावर पेत्रोनाचं उईपिल पसरलेलं होतं. उईपिल म्हणजे तिकडच्या बायकांची चोळी. दोन रुंद पट्ट्या मधोमध जोडायच्या, डोकं जाईल एवढा गळा ठेवायचा, बाजू शिवायच्या. हे लालभडक होतं आणि त्यावर हिरवे-जांभळे पक्षी होते, दोन-दोनच्या जोड्यांनी, एकमेकांकडे तोंड करून बसलेले. हे भरतकाम नव्हे. विणता विणताच जादा रंगीत दोरा बोटांनी आत घालून उठवलेली नक्षी. येवल्यात पैठणीच्या पदरावर मोर उठतात, त्याच जातीचं काम.

पण येवल्याचा मोर येवल्याची बाई नेसली काय आणि नागपूरची नेसली काय, कुणाला फरक पडत नाही. तिथं पडायचा. तिथं प्रत्येक गावाची नक्षी वेगळी. आपल्याकडे गाडीच्या नंबरवरून जिल्हा कळतो, तसं तिथं बाईच्या चोळीवरून गाव कळायचं. आणि पेत्रोनाच्या गावाची असणं ही त्या वर्षी जिवावरची गोष्ट होती.

साल ब्याऐंशी. देश ग्वाटेमाला. माझे मिस्टर अच्युत निसळ वेलदोड्याची प्रतवारी करणारे. वेलदोडा हातात घेतला की तो कुठल्या उतारावरचा आणि कितव्या तोडणीचा हे सांगायचे. कोबान नावाच्या डोंगरातल्या गावात एका निर्यातदारानं त्यांना नोकरी दिली आणि आम्ही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला संसार मांडला. सासरे गेल्यावर आत्याबाईंना घेऊन आलो. जन्म येवल्यात गेलेल्या बाईला मी म्हटलं, इथं करमायचं नाही तुम्हाला. त्या म्हणाल्या, “मला करमवून घेता येतं. तू तुझं बघ.”

पेत्रोना, जवळजवळ आत्याबाईंच्याच वयाची, आमच्याकडे आली ती भाकऱ्या करायला. मक्याच्या. महिन्याभरात तिनं मागच्या अंगणात आपला माग लावला. त्यांचा माग म्हणजे काठ्या आणि दोऱ्या. एक टोक खांबाला बांधायचं, दुसऱ्या टोकाचा चामडी पट्टा आपल्याच कमरेमागून घ्यायचा. बाई मागे रेलली की ताणा ताठ, पुढं झुकली की सैल. आत्याबाई पहिल्या दिवशी पाटावर बसून बघत राहिल्या. त्यांनी चाळीस वर्षं नवऱ्याच्या मागासाठी दोऱ्याच्या कांड्या भरल्या होत्या, पण स्वतः मागावर कधी बसल्या नव्हत्या. त्यांच्या घरात ते काम पुरुषांचं.

“इथं बायका विणतात होय?” त्यांनी मला विचारलं.

“बायकाच विणतात,” मी सांगितलं.

“बरंय की,” त्या म्हणाल्या आणि पाट आणखी जवळ सरकवला.

त्या दोघींची भाषा एक नव्हती. आत्याबाई मराठीत बोलायच्या, पेत्रोना तिच्या बोलीत. स्पॅनिश दोघींनाही धड येत नव्हतं, माझं कामापुरतं होतं. तरी दिवसभर अंगणातून बोलणं ऐकू यायचं. पेत्रोना आत्याबाईंना ‘नान’ म्हणायची. त्यांच्यात मोठ्या बाईला तसंच म्हणतात. आत्याबाई तिला ‘पेत्रा’ म्हणायच्या आणि मला बोलायच्या तशाच तिलाही बोलायच्या.

पेत्रोनाचं गाव डोंगरापलीकडे होतं. त्याचं नाव मी सांगत नाही, नकाशावरूनही ते गेलंय. त्या वर्षी त्या भागात गावंच्या गावं जळत होती. आग कुणी लावली हे विचारायची पद्धत नव्हती. पेत्रोनाच्या गावातून जी थोडी माणसं वाचली, त्यांनी डोळ्यांनी काय पाहिलं हे बाहेर यायला नको होतं. म्हणून लष्कर त्यांना शोधत होतं. हे आम्हाला कळलं ते फार उशिरा, म्हणजे निघायच्या आदल्या संध्याकाळी. शेजारच्या पाववाल्या क्लेमेन्सियाबाई मागच्या दारानं आल्या आणि पदराखालून काढावं तसं एकेक वाक्य काढत म्हणाल्या, “बाजारात विचारतायत. हिंदूंच्या घरी एक म्हातारी विणकरीण आहे, ती कुठली म्हणून. आज विचारतायत म्हणजे उद्या येतील.”

मिस्टर बंदरावर गेले होते माल चढवायला. घरात आम्ही तिघीच.

पेत्रोनाचा मुलगा आधीच सीमा ओलांडून मेक्सिकोत गेला होता. राजधानीतल्या एका मठातल्या सिस्टर अशा माणसांना पलीकडे पोहोचवतात हे तिला माहीत होतं. राजधानीपर्यंत नेणं माझ्या हातात होतं. कंपनीची पिकअप दारात उभी होती आणि मला ती चालवता येत होती, त्या डोंगररस्त्यांवर बऱ्याच ड्रायव्हरांपेक्षा चांगली. अडचण वाटेतल्या पुलाची होती. तिथं नाकं होतं. प्रत्येक गाडी थांबवून कागद बघत. पेत्रोनाच्या ओळखपत्रावर गावाचं नाव, आणि चोळीवर तर ते दुरूनच वाचता येईल असं.

“ती चोळी इथंच ठेव,” मी तिला सांगितलं. “मी सांभाळीन.”

पेत्रोनानं मान हलवली. “माझ्या आईच्या हातची आहे. अशा गावात पुष्कळ होत्या. आता मला माहीत असलेली ही एकच. पक्षी मला येतात, सेन्योरा, पण समोर असल्याशिवाय दुसऱ्या कुणाला शिकवणार कसे?”

मी म्हटलं, पिठाच्या डब्याच्या तळाशी घालू. तेव्हा आत्याबाईंनी ते लपवलेल्याचं वाक्य म्हटलं आणि उईपिल उचलून माझ्या खांद्याला लावून बघितलं.

“तू घाल. बाहेरदेशच्या बायका घालतात ना हौसेनं? बाजारात बघितल्यात मी. घोड्यासारख्या हसत फिरतात. तशी हस.”

“आणि ही?”

आत्याबाई आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात मोरपंखी सुती लुगडं होतं आणि दुसऱ्या हातात त्यांचा पासपोर्ट.

“हा फोटो बघ,” त्या म्हणाल्या. “मनमाडच्या स्टुडिओतला. मला तरी यात मी ओळखू येते का?”

खरंच येत नव्हत्या. डोक्यावर पदर, सावळा चेहरा, घाबरल्यासारखे डोळे. आमच्या गल्लीतली कुठलीही म्हातारी असू शकली असती. आणि पेत्रोनाही. एकच खूण ठळक होती: हनुवटीवरचं गोंदण, पाच ठिपके.

“आत्याबाई, तुमचा पासपोर्ट आम्ही नेला तर मागे तुम्हाला कुणी विचारलं म्हणजे?”

“मी घरात बसते. म्हातारीला कोण विचारतंय? चल, दार लाव. हिला नेसवायचंय.”

नेसवणं हे मोठं काम ठरलं. पेत्रोना अंगानं आडवी. आत्याबाईंची चोळी तिला होईना. पाठीवर उसवली आणि वरून पदर घेतला. कासोटा घालताना मात्र पेत्रोना ताठ झाली. असं पाय सुटे ठेवून बाईनं चालायचं हे तिच्या मनाला पटेना. आत्याबाईंनी तिला स्वयंपाकघरभर चालवलं. “टाच टाक, टाच. मुंगीसारखी काय चालतेस? तू सासू आहेस, सासू. छाती पुढं.” पेत्रोनाला सगळे शब्द कळत नव्हते, पण चार फेऱ्यांत ती अशी चालायला लागली की मला हसू आवरेना. मग मी मिस्टरांच्या शाईच्या पेनानं तिच्या हनुवटीवर पाच ठिपके काढले. आत्याबाईंनी आपली हनुवटी शेजारी धरली, म्हणजे नीट बघून काढता यावेत.

निघताना त्या दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. पेत्रोना काहीतरी बोलली. आत्याबाई म्हणाल्या, “हो, हो. जा आता. गाडीत झोपू नकोस, पदर घसरेल.”

सकाळ नुकतीच उजाडली होती. वेलदोड्याची चार पोती मागे टाकली, म्हणजे कामाला निघाल्यासारखं दिसावं. माझ्या अंगावर लाल उईपिल आणि खाली पँट. डोंगरातून उतरताना धुकं मागं पडलं आणि ऊन लागलं. खालचा तो प्रदेश भाजून काढणारा आहे. पेत्रोनाला त्या उकाड्याची सवय नव्हती. तिच्या कपाळावर घाम जमला, पण ती समोर बघत ताठ बसून राहिली.

पुलावर एक तरुण अधिकारी सावलीत बसून संत्रं सोलत होता. त्याच्याबरोबर चार-पाच वर्दीवाले आणि दोन गावकरी होते. त्या काळात गावकऱ्यांच्या हातात जुन्या बंदुका देऊन त्यांना पहाऱ्याला उभं करत. नाही म्हणायची सोय नसे.

अधिकाऱ्यानं दोन्ही पासपोर्ट घेतले. “ही कोण?”

“सासू.”

“सासूला घेऊन एवढा प्रवास?” तो हसला. “देव तुमचं भलं करो.”

“तोच करतोय,” मी म्हटलं आणि आत्याबाईंनी सांगितलं होतं तशी हसले.

त्यानं फोटो बघितला, पेत्रोनाकडे बघितलं. “तोंडावर हे काय?”

“गोंदण. आमच्याकडे लहानपणीच गोंदतात.”

तो पासपोर्ट मिटणार एवढ्यात त्याची नजर माझ्या अंगाकडे वळली. संत्र्याची फोड त्यानं तोंडात टाकलीच नाही.

“हे कुठून घेतलंत?”

“कोबानच्या बाजारातून. आणि बरं झालं तुम्ही विचारलंत. ती बाई शपथेवर म्हणाली रंग जात नाही म्हणून. पहिल्या धुण्यात बादलीभर पाणी लाल. तुम्ही इथले, तुम्हीच सांगा, मला फसवलं की नाही?”

मी आवाज चढवला होता. भांडायला मिळालं की माझी भीती पळते, हा माझा जन्माचा गुण आहे. अधिकाऱ्याला पुन्हा हसू आलं. पण तो मूर्ख नव्हता. त्यानं त्या दोन गावकऱ्यांतल्या एकाला हाक मारली.

“ए, इकडे ये. तू त्या बाजूचा ना? हे कुठल्या गावचं?”

चाळिशीचा माणूस होता. गवती टोपी, पायात फाटक्या वहाणा. तो माझ्या खिडकीशी आला आणि माझ्या छातीवरच्या पक्ष्यांकडे बघत राहिला. परक्या पुरुषानं तसं बघितलं तर मी एरवी कानाखाली दिली असती. पण तो मला बघतच नव्हता. एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर त्याची नजर जात होती. मग त्यानं मान वर केली आणि माझ्यापलीकडे बसलेल्या पेत्रोनाकडे बघितलं.

मी क्लच दाबून गिअर टाकून ठेवला होता, हे मला आता सांगायला हरकत नाही.

“बाजारातलं आहे, साहेब,” तो माणूस म्हणाला. “बाहेरच्या लोकांसाठी करतात. असलं कुठल्या गावात घालत नाहीत.”

मग त्याच दमात, तोंडावरची रेघ न हलवता, तो पेत्रोनाला तिच्या बोलीत एक वाक्य बोलला. मला त्यातला पहिला शब्द तेवढा कळला: ‘नान’.

अधिकारी उठून उभा राहिला. “काय विचारलंस तिला?”

“इकडची आहे का बघत होतो, साहेब.”

सगळे पेत्रोनाकडे बघायला लागले. आपल्याच भाषेत कुणी बोललं की माणसाचा डोळा तरी हलतोच. तिचा हलला नाही. तिनं सावकाश पदर ओढून तोंडावर घेतला आणि माझ्याकडे वळून, आत्याबाईंच्या अगदी त्याच सुरात, त्याच कंटाळ्यानं म्हणाली, “काय म्हणतोय गं हा मेला? चल, ऊन चढलं.”

मराठीत. स्वच्छ.

“काय म्हणते ती?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“ऊन चढलं म्हणते.”

“खरं आहे,” तो म्हणाला आणि पासपोर्ट माझ्या मांडीवर टाकून संत्र्याकडे परत गेला.

पूल ओलांडला, वळण ओलांडलं, आणखी एक वळण ओलांडलं, आणि मग मी गाडी बाजूला घेतली. पेत्रोना पदराआड हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

“त्या मेल्यानं पकडलंच होतं आपल्याला,” मी म्हटलं. “काय विचारलं त्यानं? कुठल्या गावची म्हणून?”

तिनं पदर खाली केला. तिची हनुवटी निळी झाली होती. पाच ठिपक्यांचा एक ओघळ होऊन गळ्यापर्यंत आला होता.

“विचारलं नाही,” ती म्हणाली. “म्हणाला, नान, हनुवटीवरची शाई वाहतेय.”

मी रुमाल काढून तिची हनुवटी पुसली.

“तो नदीपलीकडचा आहे,” पेत्रोना म्हणाली. “बोलण्यावरून कळलं. त्यांच्याकडेही हेच पक्षी असतात. फक्त त्यांचे एकमेकांकडे पाठ करून बसतात.”

मठात पोहोचल्यावर तिनं लुगडं सोडलं आणि मी उईपिल उतरवलं. सिस्टरनी तिला साधा फ्रॉक घालायला दिला. उईपिल वेदीवरच्या पांढऱ्या कापडांच्या गठ्ठ्यात गेलं आणि त्याच गठ्ठ्यातून सीमेपलीकडेही गेलं. पेत्रोना पोहोचली, मुलगा भेटला, आणि निर्वासितांच्या छावणीतल्या एका झाडाला तिनं सहा माग बांधलेत, हे आम्हाला पावसाळ्यानंतर सिस्टरनी सांगितलं. सहा बायका समोरासमोर बसणारे पक्षी शिकत होत्या.

पण तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. रात्र मठात काढून मी दुसऱ्या दिवशी एकटीच परत निघाले. नाक्यावर माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. घराशी आले तर क्लेमेन्सियाबाई फाटकातच उभ्या. डोळे सुजलेले.

“काल तुम्ही गेलात आणि तासाभरात ट्रक आला,” त्या म्हणाल्या. “नेलं हो तिला.”

“कुणाला?”

“पेत्रोनाला.”

“पेत्रोना तर—” मी म्हणाले आणि थांबले.

“अंगणात मागावर बसली होती. मी भिंतीवरून बघितलं. उचलून घातली ट्रकमध्ये. आणि संध्याकाळी परत आणून सोडली! असं कधी झालेलं नाही, सेन्योरा. कुणीच परत येत नाही.”

मी पिशवी तिथंच टाकली आणि घर ओलांडून अंगणात धावले.

आत्याबाई मागावर बसल्या होत्या. कमरेला पेत्रोनाचा पट्टा, अंगावर पेत्रोनाचं निळं गुंडाळी लुगडं, डोक्याला तिच्यासारखाच फडका. समोरच्या पट्टीवर त्यांनी बोटभर विणलं होतं. कडा वाकडी, दोरे कुठं ताठ, कुठं ढिले.

“पोहोचली का?” त्यांनी विचारलं.

“पोहोचली. आत्याबाई, हे काय केलंत तुम्ही?”

“पुलावर निऱ्या नीट होत्या ना? मला तीच काळजी.”

“ते तुम्हाला घेऊन गेले!”

“मग रिकाम्या हातानं जातात का कुठं? अंगण रिकामं दिसलं असतं तर तिथूनच पुलावर फोन केला असता. म्हातारी हवी होती त्यांना, म्हातारी मिळाली. एकजण म्हणाला ‘पेत्रोना?’ मी म्हटलं, हो.”

मी खाली बसले.

“तिथं नेऊन काय केलं?”

“काय करणार? एका खुर्चीवर बसवलं. विचारायचे, ओरडायचे. मी मराठीत उत्तरं द्यायची. आमच्या लग्नाची सगळी हकिकत सांगितली त्यांना. त्यांच्यातला एक जण सारखा म्हणत होता, ही कुठली बोली आहे म्हणून. दिवस कलता कलता अच्युतच्या ऑफिसातला तो टकला कारकून कशासाठी तरी तिथं आला. मला बघून हातातली टोपीच पडली त्याच्या. मग काय, सगळे उभे. कॉफी दिली. मी घेतली नाही, कडू करतात.”

त्या सहज सांगत होत्या, गल्लीतलं सांगावं तशा. पण त्यांच्या दंडावर बोटांचे वळ होते, निळे-काळे. मी बघते आहे हे कळल्यावर त्यांनी बाही खाली ओढली.

“भीती नाही वाटली तुम्हाला?”

त्यांनी हातातला दोऱ्याचा धोटा मांडीवर ठेवला.

“वाटली की. ट्रक थांबल्याचा आवाज आला तेव्हाच वाटली. उठ म्हणाले, तर मला उठता येईना. पट्टा कसा सोडायचा तेच माहीत नव्हतं. एक जण सुरी काढून कापायला निघाला. तेवढ्यात दुसरा पुढं आला, पोरगेलासाच होता. गुडघ्यावर बसला आणि माझ्याकडे न बघताच पाठीमागं हात घातला. गाठ कुठं असते, कुठल्या बाजूनं ओढायची, सगळं हाताला पाठ होतं त्याच्या. काठ्या गुंडाळून, दोरे न गुंतवता बाजूला ठेवल्या. तसं करायला मीसुद्धा अजून शिकलेली नाही. मग माझी भीती गेली. मी त्याला विचारलं, तुझी आई कुठं असते रे?”

“मराठीत?”

“मग कशात विचारणार?”

“तो काय म्हणाला?”

“काही नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “ट्रकमध्ये चढताना हात दिला.”